साडेचार मिनिटांचं दळण

माझ्या गिरणीत गाणी फक्त लाइट गेल्यावर ऐकली जातात. चक्की चालू असताना शेजारच्याचं बोलणं कळत नाही, तिथं गाणं काय कळणार? कुंभार पिंपळगावात दुपारी लाइट जाते, ती कधी तासानं येते, कधी दोन तासांनी. दळण अर्धवट सोडून कुणी घरी जात नाही, कारण आपल्या गव्हात दुसऱ्याची ज्वारी जाईल अशी प्रत्येकाला खात्री असते. मग लोक पोत्यांवर बसून राहतात आणि त्यात आमची तिघांची बैठक भरते.

तिघं म्हणजे मी, निवृत्त मुख्याध्यापक असलेले गुरुजी आणि एसटीतला एक कंडक्टर. आम्ही तिघंही एकाच गायकाचे भक्त. तो मराठवाड्यातलाच. गाणी स्वतः लिहितो, चाली स्वतः लावतो, स्वतःच गातो. त्याचे सहा अल्बम आहेत. पहिल्या तिन्हींच्या कॅसेटी निघाल्या, चौथ्याची सीडी, पुढचे दोन नुसते फोनवर आले. आम्ही सगळ्यांना कॅसेटच म्हणतो.

कंडक्टरला दुसरी कॅसेट आवडते, कारण तिच्यात बसस्टँडवरचं गाणं आहे. मला पाचवी आवडते, कारण तिच्यात आई नाही. गुरुजींसाठी तिसरीच्या पुढे जगात काही निघालंच नाही.

चर्चा गाण्यावरून सुरू होते आणि समाजावर जाते. एकदा हुंड्याविरुद्धच्या गाण्यावर कंडक्टर अर्धा तास बोलला. मी विचारलं, "तुमच्या लग्नात मोटारसायकल आल्ती ना?"

"वहिनी, ते गाणं लग्नानंतर आलं," तो म्हणाला. "आधी आलं असतं तर बिलकुल घेतली नसती."

"मग गाणं ऐकल्यावर परत केली का?"

"इंजिन काम निघाल्तं तिचं. तशी कशी परत द्यायची?"

तिसऱ्या कॅसेटमध्ये जात्याचं गाणं आहे. आई पहाटे जात्यावर बसते, आणि जात्यातून पिठाऐवजी चांदणं पडतं. हे गाणं लागलं की गुरुजी चष्मा काढतात. कंडक्टर नाक ओढतो. मी त्या वेळात पट्ट्यावर साचलेलं पीठ झाडून घेते.

गिरणी माझ्या सासऱ्यांनी टाकली आणि गेली अठरा वर्षं मी चालवते. बाया डबा ठेवतात, कंबर सरळ करतात आणि बाहेर जाऊन दहा मिनिटं निवांत बोलतात. गिरणीवर कुणी गाणं केलेलं नाही. मी हे एकदा बोलून दाखवलं.

"ताई, जातं ही आपली संस्कृती आहे," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही दळलंय कधी?"

"तो प्रश्न नाही."

"मग कोणता प्रश्न आहे?"

तेवढ्यात लाइट आली आणि चक्कीच्या आवाजात गुरुजींचं उत्तर गेलं.

मागच्या हिवाळ्यात गुरुजी दळण नसताना गिरणीत आले. तीर्थपुरीला एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाला तो गायक येणार होता. शाल घालण्याचा आणि दोन मिनिटं बोलण्याचा मान गुरुजींना मिळाला होता. वाचनालयाचे सचिव त्यांचे जुने विद्यार्थी. पहिल्या कॅसेटपासून गुरुजी या माणसाला समोर बघायला थांबले होते. एकदा जालन्याला तो आला तेव्हा यांची निवडणुकीची ड्युटी निघाली, एकदा पुतण्याचं लग्न. आता ही शेवटचीच संधी, असं ते म्हणाले. गुडघे साथ देत नव्हते आणि गायकही काही तरुण राहिला नव्हता.

भाषण त्यांनी अकरा वेळा लिहिलं. अकराही वेळा आम्हाला वाचून दाखवलं. सगळं जात्यावर होतं. "जात्याच्या घरघरीत आमचं बालपण वाढलं" इथं त्यांचा आवाज बरोबर दाटायचा.

अकराव्या वेळी गुरुजींच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू, डबा घेऊन आल्या होत्या. त्या ऐकत होत्या. वाचन संपल्यावर म्हणाल्या, "यांच्या आईला गिरणीचं पीठ करपट लागायचं. गावात गिरणी असून मी नऊ वर्षं जात्यावर दळलं. आवाजानं यांची झोपमोड व्हायची म्हणून जातं मागच्या खोलीत नेल्तं."

"तेव्हा सकाळची शाळा होती," गुरुजी हळूच म्हणाले.

"मला कुठं दुपारची होती?"

कंडक्टर हसायला लागला आणि गुरुजींकडे बघून थांबला. गुरुजींनी कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली. "मग मी तिथं उभं राहून बोलू काय?" त्यांनी विचारलं. माणूस खरोखर अडचणीत आला होता. कार्यक्रम चार दिवसांवर होता.

मला दया वगैरे आली नाही, पण उपाय सुचला. आमच्याकडे एक जातं आहे. लग्नाच्या हळदीपुरतं निघतं. एरवी त्याची वरची पाळू, म्हणजे फिरणारा दगड, मिरच्या झाकायच्या पत्र्यावर वजन म्हणून असते. मी ती आणि खालचा दगड उचलून आणायला कंडक्टरला पाठवलं. जातं धुतलं, पुसलं, गोणपाटावर मांडलं. किलोभर ज्वारी समोर ठेवली.

"दळा," मी म्हणाले. "मग बोला."

गुरुजी खाली बसले, म्हणजे आम्ही दोघांनी धरून बसवलं. कंडक्टरनं फोनवर जात्याचं गाणं लावलं. गुरुजींनी एक ओंजळ ज्वारी ओतली. जातं जागचं हललं नाही.

"मूठभर घाला, पोतं भरू नका," काकू म्हणाल्या.

मग ते फिरलं. गुरुजींनी चष्मा काढला, पण तो घामामुळं. खुंटा एकदा या हाताने, एकदा त्या हाताने धरून झाला. गाणं साडेचार मिनिटांचं आहे. ते संपलं तेव्हा जात्याभोवती वाटीभर भरड पडली होती. निम्म्या ज्वारीला तर आपण जात्यातून आलो हे कळलंही नव्हतं.

"किती भाकरी होतील?" गुरुजींनी विचारलं.

"भाकरी?" काकू म्हणाल्या. "कोंबड्याला टाका."

"पुन्हा लाव," गुरुजी कंडक्टरला म्हणाले. गाणं सात वेळा लागलं. तिसऱ्या वेळेपासून कुणीच नाक ओढत नव्हतं. किलो काही पुरा झाला नाही. दोन्ही तळव्यांना फोड आले.

कार्यक्रम दुपारी चारला होता. आम्ही कंडक्टरच्याच गाडीनं गेलो. शाळेचं मैदान भरलेलं. गायक वयानं बराच थकलेला दिसत होता, आणि कंडक्टर, जो त्याला घरच्यासारखं 'तो' म्हणायचा, समोर गेल्यावर 'साहेब, साहेब' करत मागं सरकला.

गुरुजींनी शाल घातली. फोडांमुळं ती नीट बसली नाही, एका खांद्यावरून लोंबत राहिली. मग त्यांनी खिशातून कागद काढला, पाहिला आणि परत ठेवला.

"तुमचं जात्याचं गाणं मी पंचवीस वर्षं ऐकतोय," ते म्हणाले. "चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा जात्यावर बसलो. तुमचं गाणं संपेपर्यंत वाटीभर भरड निघाली. आमच्या घरी पाच माणसांच्या भाकऱ्या लागायच्या. ते दळण मंडळींनी नऊ वर्षं केलं. मी झोपलेला होतो. एवढंच सांगायचं होतं."

दोन मिनिटांतलं दीड मिनिट उरलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. सचिवांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

गायकानं माइक ओढून घेतला. "मीही दळलेलं नाही," तो म्हणाला. "आमच्या गल्लीत गिरणी होती. डबा घेऊन मीच जायचो." मग त्यानं बायकांच्या बाजूला पाहिलं. "तुमच्या मंडळी आल्यात का? जात्यावर काय म्हणायच्या त्या?"

काकू जागेवरूनच बोलल्या. "जे सुचंल ते. डुलकी लागू नये म्हणून."

आता मात्र टाळ्या पडल्या. गायकानं जात्याचं गाणं म्हटलं नाही. बसस्टँडचं म्हटलं, आणि कंडक्टर जो रडला, तो आमच्या गावाच्या फाट्यापर्यंत थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी गिरणीत आले. दळणाचा डबा त्यांच्या हातात होता. इतक्या वर्षांत तो मी काकूंच्याच डोक्यावर पाहिलेला. त्यांनी तो फोड सांभाळत, दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून आणला.

"बारीक," ते म्हणाले.

मी पट्टा चढवला. अर्धा डबा झाला आणि लाइट गेली. कंडक्टर पोत्यावर सरकून बसला, फोन काढला.

"तिसरी लावू का, गुरुजी?"

"जातं अजून बाहेरच आहे," मी म्हणाले. "उरलेलं त्याच्यावर करता येईल."

गुरुजींनी जात्याकडं पाहिलं, मग तळव्यांकडं.

"पाचवी लाव," ते म्हणाले.