तिसरा थेंब

माझे शेजारी अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहेत, तेही कंत्राटावर. बोलायचं असलं की हातातली वस्तू आधी खाली ठेवतात, मगच तोंड उघडतात.

परवा सुरक्षेचा चष्मा न लावता ॲसिड ओतताना ते त्यांच्या गालावर उडालं. विभागाच्या साहेबांनी बजावलं, "कॉलेजची तपासणी जवळ आली आहे. अपघाताच्या वहीत लिहू नका, तुमचंच कंत्राट जाईल." तरी त्यांनी लिहिलं.

"काहून लिवलं भाऊ?" मी विचारलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पोट्ट्यायच्या रिपोर्टात खोटा आकडा दिसला का मी वही वापस करतो. मंग माही वही कशी खोटी ठेवू?"

"पन लिवलं काय?"

"चष्मा नव्हता, चूक माही. गालावर दोन थेंब. तिसरा टेबलावर पडला, थोबी लिवला."