अळणीमावशीची जीभ

खानावळीत स्वयंपाक करणाऱ्या या बाईला अख्खी गल्ली पाठीमागे अळणीमावशी म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. डाव घेऊन अंगावर यायची! दोष सगळा तिच्या जिभेचा. मिठाचा एक कण वाढला तरी तिला समुद्र प्यायल्यासारखं वाटे. नवरा तर तीस वर्षं पहिला घास घ्यायच्या आधीच मिठाची बरणी ओढत होता. राग येणार नाही तर काय?

त्या सकाळी समुद्राकाठच्या खानावळीच्या गच्चीवर नुसती तारांबळ. तिथे उन्हावर चालणारं यंत्र बसवलं होतं. खारं पाणी उन्हानं तापायचं, वाफ पातळ पडद्यातून पलीकडे जायची, निवून तिचं गोडं पाणी व्हायचं, मीठ अलीकडेच. "म्हणजे भाताच्या झाकणावरचं पाणी की," मावशीनं पहिल्याच दिवशी निकाल लावला होता.

पण आज नळाला खारट चव. यंत्राच्या सहा पेट्यांपैकी एकीचा पडदा फाटलेला. कुठलीचा, ते कळेना. खारेपणा मोजायचं यंत्र पेट्या सांभाळणाऱ्या इंजिनिअर पोरीच्या हातून टाकीत पडून गार झालेलं. बाराला तपासणीला साहेब येणार. पाणी गोडं नसलं तर पेट्या दुसऱ्या वस्तीला. मग पुन्हा टँकर, पुन्हा दोन-दोन कॅन, आणि जिन्यावर मावशीचे गुडघे!

"सरक गं," म्हणत मावशीनं पेला उचलला आणि एकेका पेटीचं पाणी चाखू लागली. "पहिली अळणी. दुसरी अळणी. तिसरी... थू! हीच ती मेली!"

"मला तर काहीच लागत नाही," पोरगी म्हणाली.

"कसं लागेल? तू माझ्या नवऱ्याच्या पंथातली."

बाकीच्या तिन्ही चाखून तिनं पास केल्या. पोरीनं तिसरी पेटी बंद केली, नळ्या धुतल्या. साडेअकराला मावशीनं नळाचा घोट तोंडात धरला.

"अळणी! मीठ नावाला नाही!"

मग काय विचारता! पोरगी मावशीच्या गळ्यात पडली, नवरा रिकामा कॅन बडवत नाचला, मावशी हसता हसता रडली.

साहेबांनी आपल्या यंत्रानं मोजलं, मान डोलावली आणि वही उघडली. "गळकी पेटी शोधली कुणी? नाव सांगा."

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. नवऱ्याच्या तोंडून "अळ..." निसटलं आणि त्यानं जीभ चावली.

मावशी पुढे झाली. "अळणीमावशी लिहा," ती म्हणाली. "चांगलं ठळक लिहा."