सुरगाठीची टोपी

माझ्या धाकट्या जावेचे केस जिनाच्या पट्ट्यात गेले, त्या दिवशी काम दुपारपर्यंतसुद्धा बंद राहिलं नाही. त्याचा राग मला तेव्हा आला आणि आज माझे केस पांढरे झाले तरी तो गेलेला नाही.

निजामाचं राज्य होतं. सिंदफणा नदीच्या काठी, आमच्या गावापासून कोसभरावर, कापसातली सरकी काढायचा कारखाना निघाला होता. त्याला आम्ही जिन म्हणायचो. आपापल्या रानातली वेचणी उरकली की गावातल्या पंधरा-वीस बाया तिथं कामाला जात. लांब छपराखाली यंत्रांची ओळ होती. वरून कापूस घालायचा, पुढून रुई निघायची, खाली सरकी पडायची. यंत्रांच्या मागं एक लोखंडी दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गरगर फिरे आणि त्याच्यावरून प्रत्येक यंत्राला चामड्याचा पट्टा. सरकी भरायला त्या पट्ट्यांखालून वाकूनच जावं लागे.

जावेच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अंबाडा घट्ट बांधलेला, वर पदर. टोपली घेऊन ती वाकली, पट्ट्यानं पदर ओढला आणि पदरासंगं अंबाडा. मी शेजारच्याच यंत्रावर होते. तिच्या कमरेला मिठी मारून मी मागं ओढत राहिले. इंजिन पलीकडच्या खोलीत. आमचा ओरडा तिथं पोचून ते थांबेपर्यंत तिच्या कपाळापासून कानापर्यंतची कातडी केसांसकट निघाली होती.

तिला बैलगाडीत घालून बीडच्या दवाखान्यात नेलं. मी गाडीत चढायला निघाले तर मुकादमानं अडवलं.

"तू कावून जातीस? तिचा दादला गेलाय की. ती रक्ताची रुई येगळी काढ आदी. समदी गठडी नासंल."

मी ती रुई वेचली. दुसऱ्या कुणाच्या हाताला तो कापूस लागू द्यायचा नव्हता म्हणून वेचली. वेचून होते न होते तोच इंजिन सुरू झालं. मुकादम बायांना सांगत होता, "केस मोकळे सोडून आलती. मंग काय व्हनार?"

तिचा अंबाडा सकाळी मीच बांधला होता.

ती वाचली. महिनाभरानं घरी आली. पण दुसऱ्या बायांना त्याच पट्ट्याखाली वाकायचं होतं आणि पदराशिवाय डोकं उघडं ठेवणं कुणालाच जमणारं नव्हतं. म्हणून मी टोपी करायला बसले. सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा जमिनीवर अंथरला, त्यावर परात पालथी घालून कोळशानं गोल ओढला आणि कापला. काठ दुमडून नेफा शिवला, त्यातून नाडी ओवली. नाडी ओढली की कापडाला चुण्या पडून खोळ व्हायची आणि सगळे केस अंबाड्यासकट आत जायचे. पदर मग कमरेला खोचायचा.

सासूबाई जात्यावरून बघत होत्या. "बाप्यावानी टोपी घालून फिरनार का आता?"

"व्हय, आत्याबाई."

"लोक काय म्हनतील?"

"धाकलीचं डोकं बगून काय म्हनले लोक? तेच म्हनतील."

त्या जात्यावरून उठल्या. आत गेल्या आणि सासऱ्यांचं दुसरं धोतरही माझ्यापुढं आणून टाकलं. ते अजून नेसण्याजोगं होतं.

पहिली टोपी मी मानेमागं निरगाठीनं बांधली. जाऊ बाजेवर पडून होती. ती म्हणाली, "जाऊबाई, वडून बगू का?" तिनं टोपीला हिसका दिला, तशी माझी मानच मागं गेली. दोघींच्याही मनात एकच आलं. ही टोपी पट्ट्यात गेली तर डोकं घेऊनच जाईल. मग मी सुरगाठ मारली, नाडीची टोकं आत खोचली. तिनं पुन्हा हिसका दिला. टोपी तिच्या हातात आली आणि माझं डोकं जागच्या जागी राहिलं. आम्ही तसं दहा-बारा वेळा करून बघितलं.

आठ दिवसांत सगळ्या बायांच्या डोक्यावर टोप्या आल्या. मुकादम हसायचा. "पलटन आली, पलटन." आम्ही ऐकून घ्यायचो.

मग जिल्ह्याचे तालुकदारसाहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणार अशी वर्दी आली आणि मुकादमाचं हसू गेलं. मालकानं शिंप्याकडून टोप्या शिवून आणल्या. पांढऱ्याशुभ्र, सगळ्या एका मापाच्या, हनुवटीखाली बांधायला जाड पट्टी. आमच्या टोप्या काढून ठेवायचा हुकूम झाला.

मी म्हणाले, "ही पट्टी गळ्याखाली हाय. वडली तर फास बसंल."

"साहेबाफुडं नीट दिसाया पायजे. बांद गुमान."

बाकीच्यांनी बांधल्या. मी हातात धरून उभी राहिले. साहेब आले, मालक त्यांना उर्दूत काहीतरी सांगत होता आणि टोप्यांकडं बोट दाखवत होता. साहेब माझ्यापुढं थांबले. माझं डोकं पदरानं झाकलेलं होतं.

"ये क्यों नहीं पहनी?"

मला उर्दू बोलता येत नव्हतं. मी मराठीतच सांगायला लागले, तर जिनाच्या कारकुनानं मधेच तोंड घातलं की बाई अडाणी आहे, हिला सवय नाही. तेवढं उर्दू मला कळत होतं. माझं डोकं सणकलं. मी ती नवी टोपी घातली, हनुवटीखाली गाठ मारली आणि शेजारच्या बाईला म्हटलं, "वड. जोर लावून वड."

ती बिचारी घाबरली होती, पण तिनं ओढलं. पट्टी गळ्यात रुतली, मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मग मी कमरेला खोचून ठेवलेली माझी टोपी काढली, डोक्यावर चढवून सुरगाठ मारली आणि तिला पुन्हा ओढायला लावलं. टोपी तिच्या हातात गेली. साहेबांना भाषांतर लागलं नाही. ते मालकाला दोन शब्द बोलले आणि पुढं गेले. मी मागून ओरडले, "साहेब, या पट्ट्यान्ला आडुशाला फळ्या ठोका. टोप्या आमी शिवतो." ते कारकुनानं सांगितलं नाही. साहेबांनी वळूनही पाहिलं नाही.

शिंप्याच्या टोप्या परत गेल्या. काही दिवसांनी कचेरीच्या भिंतीवर एक कागद लागला. कारकुनानं मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवला. मजूर बायांच्या जिवाची काळजी घेऊन मालकांनी नव्या धर्तीची टोपी काढली, म्हणून सरकारनं त्यांना शाबासकी दिली होती. जावेबद्दल एकच ओळ होती. ती गैरसावधपणामुळं जखमी झाली.

पुढच्या हंगामात मला कामावर घेतलं नाही. जावेला घेतलं. मी तिला जाऊ नको म्हणाले, रागानं दोन दिवस बोलले नाही. ती म्हणाली, "नव्या बाया आल्यात, जाऊबाई. त्यान्ला गाठ मारता येत न्हाई."

ती रोज सकाळी छपराच्या दाराशी उभी राही आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीच्या टोपीला हिसका देऊन बघे. न सुटली तर परत बांधायला लावी. मुकादम काम खोळंबतं म्हणून ओरडे, ती तिकडं लक्ष देत नसे. तिथं पुन्हा कुणाचे केस गेले नाहीत.

ते जिन पुढं पुष्कळ वर्षं चाललं. पट्ट्यांना फळ्या शेवटपर्यंत ठोकल्या नाहीत.