पिंपाला कंठ फुटला

लोपिनोच्या खोऱ्यात कुणाचंही पॅन, म्हणजे पिंपाचं वाद्य, बेसूर झालं की पावलं इग्नेशियाच्या घराकडे वळत. तेलाचं पिंप कापायचं आणि बुडाला हातोडीने ठोकून ठोकून त्यातून सूर काढायचे, हे बाईमाणसाचं काम नव्हे असं ज्यांनी तिला ऐकवलं होतं, त्यांचीच पॅन आता तिच्या ओसरीवर रांगेत पडलेली असत. त्यांना ती मुद्दाम ताटकळत ठेवी, आणि बरंच करी.

तिचा जीव अडकला होता तो आजोबांनी रचलेल्या नाताळच्या स्पॅनिश गाण्यात. खोऱ्यात ते दारोदार क्वात्रो या छोट्या गिटारच्या चार तारांवर गायलं जाई. इग्नेशियाने ते कॅलिप्सोत बसवलं, सोकाच्या ठेक्यावर नाचवलं, शेजारच्या रामलोगनच्या ढोलकीवरही रंगवलं. सगळा गाव डोलला. डोलले नाहीत ते एकटे तिचे सख्खे पावलिनोकाका, गावातल्या गायकांचे म्होरके.

"नाच काय, कशावरही येतो," काका म्हणत. "दार उघडायला लावतं ते आमच्या बाचं गाणं."

रीतच होती तशी. गाण्यात घरधन्याचं नाव आल्याशिवाय कडी काढायची नाही. गेल्या नाताळात इग्नेशिया वादकांना घेऊन काकांच्या दारात तासभर वाजवत राहिली. शेवटी आतून आवाज आला, "तुझ्या पिंपाला तोंड आहे का गं, माझं नाव घ्यायला?"

"मग तू गा की बरोबर," रामलोगनने सुचवलं.

"आणि पॅन नुसतं साथीला? अजिबात नाही!"

वर्षभर ती हट्टाला पेटली होती. यंदा नाताळच्या सकाळी प्रार्थना आटोपून ती पुन्हा वादकांसह काकांच्या अंगणात उभी राहिली. लाल अंबाडीच्या सरबताचे पेले घेऊन गाव कुंपणाशी जमला होता. गाणं अर्ध्यावर आलं तसा इग्नेशियाने हात वर केला. सगळे थांबले. एकट्या तिच्या पॅनमधून तीन सूर निघाले. दोन खालचे, तिसरा उंच आणि लांबवलेला.

ओडिलकाकू कोकोच्या मळ्याकडे तोंड करून नवऱ्याला जेवायला याच सुरात हाक मारायची, पाव-लि-नोऽऽ. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी ती हाक कुंपणाशी जमलेल्या प्रत्येकाने ओळखली.

कडी वाजली. काका अनवाणीच उंबऱ्यात आले.

"आलो गं, आलो," ते म्हणाले. त्यांनी पुतणीचा हात धरला. मग डोळे न पुसताच गावावर ओरडले, "बघत काय बसलात? या आत! माझ्या बाची नात आहे ही!"