माणसापुरती जागा

खर्र... खर्र... टक. पन्नास वर्षांपूर्वी बोर्ली पंचतनच्या शाळेत मी नवखा मराठी शिक्षक आठवीला कविता शिकवत होतो आणि भिंतीपलीकडून हा आवाज येत होता. फळीवर रंग घोटणाऱ्या सुरीचा तो आवाज, हे मागाहून कळलं. तास संपला तेव्हा दारात एक उंच गृहस्थ उभे होते.

"कवी, तुमच्या कवितेतलं हिरवं कोणतं? माडाचं की भाताचं?"

 चित्रकलाशिक्षक सदानंदसरांची आणि माझी ही पहिली ओळख. आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि मी अजून उत्तर शोधतो आहे.

सरांची पद्धत त्यांच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. तैलरंगात आधी खाडी, बांध, वाडी रंगवायची. मधे माणसापुरती जागा कोरी राखायची. मग माणसाला खरोखर तिथे नेऊन उभं करायचं. "माणूस चित्रात डकवायचा नाही, तिथेच उगवला पाहिजे," असं ते म्हणत. त्यासाठी भोवतालचा रंग ते चेहऱ्याच्या सावलीत थोडा उतरवत. एकदा भात लावणाऱ्या एका बाईंनी स्वतःचं चित्र पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"मास्तर, माजं नाक हिरवं? शेवाळ धरलंय का मला?"

"दहा पावलं मागं जाऊन बघा, काकू."

बाई पावलं मोजत मागं गेल्या. "व्हय," म्हणाल्या, "ही मीच हाय. पन दमलेली दिसतेय." सरांना इतकी मोठी पावती दुसऱ्या कुणी दिल्याचं मला आठवत नाही.

मी विषमज्वराने अंथरुणाला खिळलो, तेव्हा सरांनी महिनाभर माझे तास घेतले. कविता ते वेळापत्रक वाचावं तशी वाचत. पण मुलांना शेताच्या बांधावर नेऊन वाचत. परीक्षेत त्या वर्षी मुलांनी निसर्गकवितांची उत्तरं माझ्यापेक्षा बरी लिहिली. हे ऋण मी आनंदाने मिरवतो.

बहुतेक चित्रांसाठी सरांच्या पत्नी शालिनीवहिनीच उभ्या राहत. कधी कोळीण होऊन, कधी मिठागरातली बाई होऊन. "उभी राहून राहून माझा माड झालाय," असं म्हणत, पण हलत नसत. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तेव्हापासून सर रोज रंगवतात, पण जागा कोरीच राहते. अशी अकरा चित्रं भिंतीला टेकून आहेत. "फोटोवरून काढा," असं मी एकदा बोलून गेलो.

"फोटोत वारा नसतो, कवी," एवढंच ते म्हणाले.

म्हणून माझं मागणं साधं आहे. सरांची नजर निवळ राहो, हात स्थिर राहो आणि त्या जागेत उभं राहायला त्यांना कुणीतरी मिळो.

हा मजकूर काल सकाळी सरांच्या पडवीत त्यांनाच वाचून दाखवत होतो. एवढ्यात दाराची कडी वाजली. वीज मंडळाच्या नव्या बाई मीटर बघायला आल्या होत्या. उंबऱ्यावर थांबून, उन्हाला हाताचा आडोसा धरून त्या वर मीटरकडे पाहू लागल्या. सर खुर्चीतून उठले.

"बाई, जरा तशाच राहा."

"का हो, काका? अख्खी आळी बाकी हाय माझी."

"पाच मिनिटं. बिल कितीही येऊ द्या."

त्या हसल्या, पण हात खाली घेतला नाही. सर ब्रश शोधायला आत धावले.