अक्काताई आणि तिसरी तार

उचगावच्या अक्काताईला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. उलट फारच झकास यायचं. दारात आलेल्या विम्याच्या एजंटाला तिनं एकदा तोंड पाडून "मालक देवाघरी गेले" असं सांगितलं होतं, आणि मालक, म्हणजे भावकू, त्याच वेळी परसात अंघोळ करत मोठ्यानं गाणं म्हणत होता. एजंट बिचारा कान टवकारून उभा. असल्या लीलांमुळे झालं काय, तर बाई खरं बोलली तरी घरात कुणी मनावर घेईना.

भावकू बेळगावात एका सहकारी संस्थेत कारकून होता. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कॅम्पातल्या एका लष्करी साहेबाची बदली झाली आणि त्याचा जुना फ्रीज भावकूनं बैलगाडीत घालून घरी आणला. गल्लीतला पहिलाच फ्रीज. बायकांनी त्याला ओवाळलं सुद्धा. पण फ्रीज ठेवायचा स्वयंपाकघरात आणि विजेचा पॉइंट पार पुढं सोप्यात. म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड करून घ्यायचं ठरलं.

खरेदीला भावकू एकटाच गेला आणि तिथंच माती खाल्ली. दुकानदारानं आत तीन तारा असलेली जाड काळी वायर पुढं केली.

"बल्बाला दोनच तारा लागत्यात," भावकू म्हणाला. "ही तिसरी काय करवली म्हणून मिरवायला?"

आणि त्यानं पीळ घातलेली दोन तारांची गुलाबी वायर उचलली, का तर ती दिसायला नाजूक. बोर्ड मात्र तीन भोकांचा घेतला, कारण फ्रीजच्या पिनेला पाय तीन होते.

वायरमन सिद्राम मूळचा गोकाककडचा, मराठी जेमतेम. भावकूला आपल्या ऑफिसातल्या कन्नडचा भारी तोरा. वायर कुठून न्यायची, कुठं खिळे मारायचे, हे सगळं त्यानं सिद्रामला कन्नडात ऐकवलं. यंत्राला 'अर्थ' द्यावा लागतो, म्हणजे एक तार जमिनीत सोडावी लागते, एवढं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. म्हणून अर्थ देऊन झाला का, असं विचारायला शेवटी तो ऐटीत म्हणाला, "अर्थ आतेन?"

"आत्री, आत्री," म्हणजे झालं, झालं, असं सिद्राम मान डोलवत म्हणाला. चहा पिऊन तो गेला आणि भावकू निर्धास्त झाला.

आठवडाभरात अक्काताईनं ओल्या हातानं फ्रीजची मूठ धरली आणि तिच्या खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. तिनं हाक मारली. भावकू आला, मूठ धरली, फ्रीजच्या अंगावर सगळीकडं हात फिरवला.

"कुठं काय हाय? मला तर काय बी होत न्हाय."

"अवं, झिणझिण्या येत्यात. मी काय खोटं बोलतीया?"

"त्या एजंटाला इचार."

सासूनं, तानीबाईनंही एकदा बोट लावून बघितलं आणि झटकन हात जोडले. "लक्षुमी हाय गं ती. नवी नवरी बी पैल्यांदा अंगाला हात लावून देत न्हाय," असा निकाल देऊन म्हातारी लांबूनच नमस्कार करू लागली.

एरवी अक्काताईनं हे हसण्यावारी नेलं असतं. पण लेक जया लोंढ्याहून पहिल्या बाळंतपणाला दिवाळीआधी येणार होती. पोटुशी पोर, अनवाणी पायानं याच सारवलेल्या जमिनीवरून फिरणार आणि तहान लागली की फ्रीज उघडणार. फ्रीज बंद करा म्हटलं तर भावकू म्हणायचा, गल्ली हसेल. तिला नवऱ्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त आपल्याच जिभेचा.

एकदा पाटावर उभी राहून ती फ्रीजवरचा डबा काढत होती. अंगाला अंग लागलं, पण मुंग्या नाहीत. पाटावरून उतरली, हात लावला, मुंग्या हजर. पुन्हा पाटावर चढली, गायब. मग तिची नजर भावकूच्या पायांकडं गेली. टाचांना भेगा पडल्यापासून तो घरातही रबरी स्लिपर घालायचा, स्वयंपाकघरात सुद्धा, आणि त्यावरून रोज आईच्या शिव्या खायचा. अक्काताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

लाकडावर नाहीतर रबरावर पाय असला की झटका लागत नाही, हे तिनं नवऱ्याला समजावून सांगितलं. तो खो खो हसला. "आता चपलेला बी साक्षीला काढलीस व्हय!"

अक्काताई गप्प बसली. ती गप्प बसली की शहाण्या माणसानं सावध व्हावं, पण भावकू कारकून होता.

नवरात्र आलं. खंडेनवमीला आपल्याकडं पोटाला घास देणाऱ्या प्रत्येक हत्याराची पूजा होते. खुरपं, विळा, नांगर, भावकूची सायकल, आणि यंदा फ्रीज. पूजा घरच्या मालकानं करायची, नुकतीच अंघोळ करून, ओला पंचा नेसून, अनवाणी. पूजेत स्लिपर घातली असती तर तानीबाईनं तीच स्लिपर काढून त्याच्या पाठीत घातली असती.

अक्काताईनं ताटात गंध जरा पातळच उगाळून दिलं. मग पाट ओढला, बोर्डाच्या बटणाशी त्याच्यावर उभी राहिली आणि बटणावर बोट ठेवलं. नवरा कसाही असला तरी हवा होता.

भावकूनं मंत्रासारखं काहीतरी पुटपुटत बोट गंधात बुडवलं आणि फ्रीजच्या कपाळावर टेकवलं.

"आयाईगंऽऽ!"

तो एक हात उंच उडाला. गंधाची वाटी तानीबाईच्या अंगावर, अक्षता चुलीत. अक्काताईनं खटकन बटण बंद केलं.

"पावली, पावली!" म्हातारी गंधानं माखलेले हात जोडून ओरडली.

"काय झालं वो?" अक्काताईनं मधाळ आवाजात विचारलं. "तुमास्नी तर काय बी होत न्हाय न्हवं?"

हाताकडं बघत भावकू उंबऱ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "जया हात लावणार हुती गं ह्याला." त्याचा चेहरा इतका उतरला होता, की अक्काताईनं ठेवणीतले चार टोमणे तसेच गिळले.

दसरा झाल्यावर सिद्रामला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडून दाखवला. तिसरं भोक नुसतं शोभेचं, मागं जमिनीत जाणारी तारच नव्हती.

"अरं, मी तुला इचारलं न्हवतं का, अर्थ आतेन म्हणून?" भावकू कडाडला.

"व्हय री, अण्णा. तुमी कळलं का म्हणून इचारलं. मी कळलं म्हणून सांगितलं," सिद्राम निरागसपणे म्हणाला. "कन्नडात अर्थ आतेन म्हंजे समजलं काय! आन् वायर तुमीच दोन तारांची दिली की री. मला वाटलं, अण्णांना तेवढंच पायजे."

अक्काताई पदर तोंडात कोंबून खाली बसली. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग त्यातलं थोडं खरंच रडूही होतं.

"तुमच्या कन्नडापायी जीव गेला असता की माझ्या लेकीचा," ती म्हणाली.

या वेळी बेळगावला वायर आणायला तीच पुढं आणि भावकू पिशवी धरून मागं. वांगं कीडकं आहे का बघावं तसं तिनं दुकानदाराला वायरचं टोक सोलायला लावलं आणि आतल्या तिन्ही तारा स्वतः ओढून बघितल्या. सिद्रामनं परसात खड्डा काढून कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी पुरली, तिसरी तार तिथपर्यंत नेली. तानीबाई त्या खड्ड्यावर रोज तांब्याभर पाणी आणि एक फूल घालू लागली. खड्डा ओला राहायला पाणी हवंच होतं, म्हणून फुलाबद्दल कुणी काही बोललं नाही.

जया आली त्या दुपारी भावकूनं तिला स्वयंपाकघराच्या दारातच थांबवलं. स्लिपर काढून बाजूला ठेवली, पाय धुतले आणि ओला तळवा फ्रीजला टेकवला. मागून अक्काताईनं कानाशी "झुर्रर्र" केलं. तो दचकून उडाला आणि जया पोट धरून हसायला लागली.

"काय बी न्हाय आबा, या आईच्या खोड्या! सरका, पाणी घिऊ द्या."

पण भावकू दारातून हलेना. तो बायकोकडं वळला. "तू लाव हात. मला काय कळतंय त्यातलं. तू व्हय म्हणलीस तरच पोरीला आत सोडतो."

अक्काताईनं हात टेकवला आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ तसाच ठेवला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"ये गं जया," ती म्हणाली.