अक्षर त्याचं, पाटी माझी

दुर्योधन गेल्याचा फोन आला तेव्हा मी अर्जुनी मोरगावच्या बाजारात छत्री दुरुस्त करून घेत होतो. "काका, बाबा झोपेतच गेले," एवढंच त्याचा मुलगा म्हणाला. छत्री तिथंच टाकून मी निघालो. त्या वेळी मनात जो पहिला विचार आला, तो लिहायला लाज वाटते. आता ती गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असा तो विचार होता. दुःख नंतर आलं...

आम्ही दोघं गावच्या एकाच शाळेत शिक्षक. मी गणित शिकवतो, तो परिसर अभ्यास शिकवायचा. पण त्याचा तास वर्गात क्वचितच भरे. पावसाळ्यात गावातल्या शालिकभाऊंच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सारसांची जोडी घरटं करायची. दुर्योधन मुलांना शेताच्या कडेच्या धुऱ्यावर ओळीनं बसवायचा. पक्ष्याचं नाव सांगायची घाई नाही. आधी काय दिसलं ते सांगायचं. "सर, नवराबायको भांडून राहिले," असं एक पोरगी म्हणाली, तर हा गंभीरपणे म्हणाला, "कोण जिंकून राहिलं ते पाहा." तासभर अशी गप्प बसलेली मुलं मी माझ्या तासाला कधी पाहिली नाहीत. मी चिडवायचो, "दुर्योधनाच्या दरबारात एवढी शांती कशी गा?" तो म्हणायचा, "बापानं नाव ठेवताना विचार केला नाही. आता भरपाई मीच करून राहिलो."

त्याचा एकच नियम होता. घरटं कुठे आहे ते बाहेरच्या कुणाला सांगायचं नाही. मुलं तो इतका पाळायची की पाहुणा म्हणून आलेल्या मामालाही पत्ता देत नसत.

तो नियम मी मोडला. शाळेला पाहुणे भेट देणार होते आणि आपल्या पर्यावरण शिक्षणाचं काहीतरी डोळ्यांना दिसावं, असं मला वाटत होतं. रस्त्याच्या कडेला पाटी लावायची कल्पना माझी. 'येथे सारसाचे घरटे आहे. कृपया शांतता पाळा.' खाली शाळेचं नाव आणि बाण. दुर्योधन म्हणाला, "पाटी लावली तर वाचणारे येतील गा." मी म्हणालो, वाचतील तरच शिकतील. तरी अख्ख्या शाळेत अक्षर त्याचंच चांगलं म्हणून, त्यानंच ती रंगवून दिली.

पाहुण्यांनी पाटीजवळ फोटो काढले. पुढच्या रविवारी कोहमाऱ्याकडून मोटारसायकली आल्या. हातात मोबाइल घेतलेली पोरं शांतता पाळत, अगदी चोरपावलांनी, थेट घरट्यापर्यंत गेली. धान तुडवलं गेलं. दोन-तीन दिवसांनी अंड्यांवर कुणी बसलेलं नव्हतं, आणि मग अंडीही नव्हती.

शालिकभाऊ पाटी उपटून शाळेत घेऊन आले. "हे कोणाचं काम आहे?" सगळी मुलं व्हरांड्यात उभी होती. मी दुर्योधनच्या मागेच होतो. तो म्हणाला, "अक्षर माझंच आहे." तो खोटं बोलला नव्हता. उरलेलं वाक्य माझं होतं, आणि मी ते बोललो नाही. शालिकभाऊ त्याला म्हणाले, "यापुढं माह्या धुऱ्यावर पाय ठेवू नोको."

नंतर मी त्याला म्हणायचो, सांगून टाकतो शालिकभाऊंना. दर वेळी तो म्हणे, "मले विचारून कायले सांगतोस?" सारसांचा धडा मग तक्त्यावरून शिकवला गेला. मुलं जांभया द्यायची. तो तक्ता गुंडाळून ठेवायचा आणि मला काहीच म्हणायचा नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं...

त्याच्या तेरवीला शालिकभाऊ आले नाहीत. रोवणी संपत आली तेव्हा मी त्यांच्या शेतावर गेलो आणि सगळं सांगितलं. ते चिखलाचे हात धूत होते, धूतच राहिले.

"आता सांगून राहिला?"

"हो."

"त्यो जिता होता तवा काऊन नाही सांगतलं?"

हात पुसत ते म्हणाले, "दरसाल पान्यापावसात तो रस्त्यावर येऊन उभा राहे. तिथूनच पाहे. मी म्हटलं होतं नं, पाय ठेवू नोको, तर खरंच नाही ठेवला. मी बी बोलावलं नाही. माह्या तोंडचा शब्द मी आता कोणापाशी वापस घेऊ?"

मुलांना पुन्हा धुऱ्यावर आणू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आन पोट्ट्यायले. पर पाटी कोणाची होती ते आधी त्यायले सांग. ते अजून त्याचंच नाव घेऊन राहिले."

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात मला ते सांगायचं आहे. इथं लिहिणं त्यामानानं सोपं गेलं. त्या दिवशी पाटी पाहिलेली मुलं आता मोठ्या वर्गांत आहेत. ती माझ्याकडे कशी पाहतील, हे मला माहीत नाही.

निघताना शालिकभाऊंनी बांधीचा एक कोपरा दाखवला. सगळीकडे रोवणी झाली होती, तेवढी जागा मोकळी होती. पाणी साचलेलं, त्यात देवधान, म्हणजे जंगली धान, आपोआप उगवलेलं. ते दरवर्षी तेवढी जागा सोडतात, म्हणाले. "राग त्याच्यावर होता. पाखरायनं माह्यं काय बिघडवलं?" आम्ही दोघं धुऱ्यावर बसलो. जोडी आली नव्हती. तरी बराच वेळ आमच्यापैकी कुणी बोललं नाही.